तीन मॉप

बिलाच्या रांगेत माझ्यापुढे दोन बायका होत्या. पहिलीच्या काखेत दोऱ्यांचे तीन मॉप.

“घर मोठं दिसतंय तुमचं!”

“कसलं हो! दोन खोल्या. पण मागच्या अंगणात ह्यांनी तळं खणलंय, सोनेरी माशांचं. ते मासे मॉपच्या दोऱ्यांना अंडी चिकटवतात.”

“ऐकावं ते नवलच!”

“मला तरी कुठे ठाऊक होतं? तळ्यात मॉप दिसला, म्हटलं भिजत घातलाय. बादलीत खळबळून काढला आणि कडक उन्हात टाकला.”

“अगं बाई! मग?”

“मग अबोला. ‘माझी शेकडो पोरं वाळत घातलीस,’ एवढंच म्हणाले. आज आठवा दिवस.”

“म्हणून समजूत काढायला हे तीन?”

“दोन त्यांना, एक फरशीला. पण गंमत ऐका. बादलीतलं पाणी ओतायचं राहिलं होतं. परवा बघते तर त्यात वळवळ! पापणीच्या केसाएवढी पिल्लं, तीस-चाळीस तरी!”

“सांगितलंत ना त्यांना?”

“छे! तळ्यात सोडतील. तिथे आईबापच गिळतात हो पोरांना. मी बादली वॉशिंग मशीनमागे लपवलीय. उकडलेल्या अंड्याचा बलक घालते, चिमूटभर.”

“धन्य आहे तुमची!”

“अहो, आज सकाळी बघते तर बादलीवर मच्छरदाणीचा तुकडा, सुतळीनं नीट बांधलेला. मी नव्हता बांधला.”

“म्हणजे त्यांना कळलंय! काही बोलले?”

“बोलतील कसे? अबोला आहे ना.”