खर्ज पेटीचा की हाताचा

आमचा मूळ गाव आंजर्ल्याच्या अलीकडं खाडीला लागून, बाप मचव्यावर तांडेल, आणि मीपण मचव्यावरच जायचा, पण मला पहिल्यापासून दर्याची ओकारी, काय सांगू तुम्हाला, तांडेलाचा पोरगा आणि मचवा हलला की उलटी, तर बाप बोलला, ह्याला मोठ्या आगबोटीवर घाला, ती कमी हलते. तसा मी आगबोटीवर गेलो, पहिला कोळसे ओढले, मग बिजलीवाल्या सायबाच्या हाताखाली लागलो, दिवे बदल, वायर ओढ, असा करत करत शिकलो. तारायंत्राच्या खोलीत जे काचेचे व्हॉल्व असायचे, दिव्यासारखे, आतून लालसर पेटणारे, ते पुसायचा काम माझ्याकडं. पुसता पुसता कुठली वायर कुठं जाते ती मी बघून ठेवायचा.

आगबोटीवर एक गोष्ट अंगात भिनली ती संशय. तिथं तुमचा स्क्रूडायवर तुम्ही मान वळवलीत की गेला. माझी चांगली पक्कड एका पेटीमागं ठेवून मी पाणी प्यायला गेलो, परत येतो तर नाय, आणि आजूबाजूला सगळी हसरी तोंडा. तेव्हापासून मी हसऱ्या माणसापासून जास्त जपून असतो. आमची मंडळी बोलते, तुम्ही देवाच्या पाया पडताना पण एक डोळा उघडा ठेवता. ठेवतो. चपला बाहेर असतात.

तर आलेस मला तिथंच भेटला. गोव्याकडचा किरिस्ताव, पयल्या वर्गाच्या जेवणाच्या खोलीत जी वाजवणारी मंडळी असायची त्यात तो गितार वाजवायचा. आम्ही खलाशी तिला मोठी सतारच बोलायचो. त्याची बोटा अशी चालायची की गोरे लोक खायचे थांबायचे. मग एकदा दर्या खवळला होता, लोखंडी दरवाजा आपटला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटा त्यात चेचली. बोटा राहिली, पण काठीसारखी ताठ झाली. कंपनीनं त्याला उतरवलान. माझीपण तब्येत बिघडली तेव्हा मी नोकरी सोडली, रत्नागिरीत बाजारात गाळा घेतला आणि फोनोग्राफ दुरुस्त करायला बसलो. निघताना तारायंत्रवाल्या सायबानं मला जुने व्हॉल्व आणि थोडा सामान दिलान, भला माणूस. पण का दिलान ह्याचा मी पुष्कळ दिवस विचार करत होतो.

आलेसची बायको आमच्या रत्नागिरीचीच, म्हणून तोपण इथंच राहिला. लग्नाकार्यात वाजवायचा. पण आवाज नाय. पयला चार बोटांनी तारा छेडायचा, आता नुसता अंगठा, आणि एक बोट जरासा मदतीला. बायको पोटुशी, आणि घरात दुसरा कमावणारा कोण नाय.

त्यावर्षी पाऊस सरल्यावर तंबूचा शिनेमा आला. मुका शिनेमा हो, बोलणारा नंतर आला. पडद्यावर चित्रा हलायची आणि बाजूला वाजवणारे बसायचे. शेठ घाटावरचा होता, गोरा, बुटका, सारखा हसायचा. त्यानं बाजाची पेटी वाजवणारा आणलेला तो तापानं पडला, तर कोणीतरी आलेसचा नाव सांगितलान. आलेस गेला, वाजवलान, पण समुद्राचा वारा आणि तंबूचा कापड फडफडतोय, पयल्या दोन रांगांच्या पलीकडं काय ऐकायलाच येईना. शेठ बोलला, वाजवतोस बरा, पण ऐकू आला पायजे, नायतर मी दुसरा बघतो.

मग आलेस माझ्याकडं आला. सखाराम, तुझ्याकडं ते व्हॉल्व हायत, आवाज मोठा करायची पेटी बनव. मी पयला विचारला, शेठनं पाठवलान तुला? नाय, मीच आलो. मला खरा वाटला नाय, पण केला. फणसाच्या फळ्यांची मोठी पेटी केली, आत व्हॉल्व बसवले, पुढं कर्णा, आणि बिजलीवर चालणाऱ्या फोनोग्राफाची ती सुईची डबी असते ना, ती गितारीच्या पोटावर तारांच्या खाली चिकटवली, म्हणजे लाकूड थरथरला की डबीला कळतो आणि पेटीतून मोठा आवाज येतो. ब्याटरी शेठच्या शिनेमाच्या इंजनावर भरून घ्यायची. माझ्या घरात लावून बघितली, शेणानं सारवलेल्या भुईवर पेटी ठेवून, तर आवाज कसा, भरलेला पण मोकळा. आमची मंडळी चुलीपुढून उठून बघायला आली.

आणि तंबूत लावली तर काय सांगू. पयली तार वाजवलान आणि सगळा घुमायला लागला, आवाज कसला, बों-बों-बों, सूर एक नाय, नुसता खर्ज, माणसांच्या छातीत धडधड व्हायला लागली. पडद्यावर राणी रडतेय आणि इथं जसा काय भाताच्या गिरणीचा इंजन चाललाय. पोरा रडायला लागली. एक म्हातारी उठली आणि ओरडली, जमीन हलते, बाहेर पळा. अर्धा तंबू मोकळा झाला. शेठ हसतच होता. बोलला, शनिवारपर्यंत बघा, जमला तर जमला.

आता माझ्या डोक्यात किडा शिरला. घरात चांगली वाजते आणि तंबूत घुमते, म्हणजे मधे कोणीतरी हात लावतोय. कोण? शेठला आलेसला काढायचाच असेल तर पेटी बिघडलेलीच बरी. त्याचा इंजनवाला दिवसभर तिथंच झोपायचा, त्याचे डोळे मला आवडायचे नायत. आणि आलेसपण. म्हणाल, आलेस कशाला करील? पण मी विचार केला, हा माझ्यामागं पेटी उघडून आवाज वाढवत असेल, हाताचा जोर गेलाय तो पेटीतून काढत असेल. मी झाकणाला चारी कोपऱ्यांवर लाख वितळवून ठोकली आणि वर माझ्या अंगठीचा ठसा मारला.

आलेसनं तो ठसा बघितलान. नुसता बोट फिरवलान त्याच्यावर, त्या ताठ बोटानं, आणि माझ्याकडं बघितलान. मी बोललो, धूळ जाते आत. तो बोलला, हां, धूळ वाईटच.

दुसऱ्या खेळाला ठसा जसाच्या तसा आणि आवाज पण तसाच, बों-बों. म्हणजे हात कोणी लावला नव्हता. मला बरा वाटायला पायजे होता, पण नाय वाटला, आता संशय ठेवायचा कुठं? घरी येऊन जेवायला बसलो तर आमची मंडळी बोलते, माणसा सगळी तपासून झाली तुमची, आता जागा तपासा. आपल्या घरात भुई हाय. तिथं पेटी कशावर ठेवता?

मी ताटावरून उठलोच. सकाळी तंबूत जाऊन बघतो तर वाजवणाऱ्यांसाठी फळ्यांचा मंच, खाली सगळा पोकळ. मी टाच आपटली तर ढोलासारखा वाजला. पेटी त्याच्यावर, आलेसची खुर्ची पण त्याच्यावर. पेटी फळ्या हलवते, फळ्या गितार हलवतात, गितार परत पेटीला सांगते, असा गोल फिरून फिरून खर्ज वाढत होता. मी चार जांभे चिरे आणले, मंचाच्या बाहेर जमिनीवर रचले, वर भाताच्या तुसाची पोती टाकली आणि पेटी त्याच्यावर ठेवली. मग माझीच लाख फोडली आणि दोन व्हॉल्वच्या मधला कंडेन्सर काढून बारका घातला, त्यातून जाड आवाज कमी जातो आणि बारीक जातो. आलेसला वाजवायला बसवला. घुमारा गेला. पण तरी जड. जाड तारा पुढं, बारीक तारा मागं कुठंतरी, सुनेसारख्या दाराआड.

आणि तेव्हा मला कळला. मी त्याच्या हाताकडं बघत होतो. अंगठा जाड तारांवर पडत होता तो जोरात, आणि बारीक तारांना ते एक बोट नुसता शिवत होता. उरलेला खर्ज पेटीतला नव्हता.

तेवढ्यात शेठ आला. मला बाजूला घेतलान, खांद्यावर हात टाकलान, हसला. सखारामभाऊ, खरा सांगा, त्याचा हात गेलेला हाय ना? असा असेल तर तुम्ही कशाला मरता? मी बोललो, हात बरा हाय, आमची पेटीच नवी हाय, वेळ लागतो. शेठ माझ्याकडं बघत राहिला. आणि तिकडून आलेस आम्हा दोघांकडं बघत होता. त्याला शब्द ऐकायला गेले नसतील, पण शेठचा हात माझ्या खांद्यावर होता तो त्यानं बघितलान. त्याचा तोंड असा झाला जसा काय मी त्याला विकला.

तो घरी जेवायला गेला तेव्हा मी ती डबी गितारीच्या पोटावरून सोडवली आणि बारीक तारांच्या बाजूला, पार कडेला चिकटवली. म्हणजे डबीला बारीक तारा जवळ आणि जाड तारा लांब. मला वाटला, त्याला कळणार नाय. पण वाजवणाऱ्याला आपल्या वाद्यावरचा ओरखडापण कळतो. आला, गितार मांडीवर घेतलान, आणि थांबला.

डबी कोणी सरकवली?

मी.

कशाला?

खर्ज कमी व्हायला.

खर्ज पेटीचा की माझा?

तंबूत कोण नव्हता, बाहेर इंजनवाला पाणी भरत होता त्याचा आवाज येत होता. मी त्याच्या तोंडाकडं बघितला आणि बोललो, पेटीचा. आलेस, सगळा पेटीचा.

तो बोलला, शेठला काय सांगितलास? मी बोललो, हेच. पेटीचा. त्यानं खाली बघितलान, अंगठा तारेवर ठेवलान आणि वाजवलान, हळू. तेव्हा बारीक तार वर आली हो. अशी आली की मीच मागं वळून बघितला, दुसरा कोण वाजवतोय की काय.

शनिवारी तंबू भरला. ती राणी रडली तेव्हा आलेसनं जाड तारांना हात लावलानच नाय, नुसती एक बारीक तार, थांबून थांबून, वारा फडफडत होता तरी मागच्या रांगेपर्यंत स्पष्ट, आणि ती म्हातारी, जमीन हलते बोलणारी, ती पदरानं नाक पुसत होती. शेठ हसत नव्हता. पयल्यांदा बघितला मी त्याला न हसता.

तो हंगाम पुरा झाला. आलेसला मुलगी झाली, तिच्या बाप्तिस्म्याला आम्ही दोघा नवराबायको जेवायला गेलो. पण शेठवर माझा संशय होता तो फुकट नव्हता. पुढच्या वर्षी तो बोलणारा शिनेमा घेऊन आला, मशीनच गाते, मशीनच रडते. आलेसला बोलला, आता तुमची गरज नाय. वाजवणारे सगळे गेले, चांगल्या हातांचेपण गेले. आलेस मला बोलला, बघ, ह्यात माझ्या हाताचा काय नाय. असा बोलला आणि हसला. तेव्हा मात्र मला त्याच्या हसण्याचा संशय आला नाय.

आता तो राजापुरात असतो, लग्नाच्या बँडात. पेटी त्याच्याकडंच हाय. ब्याटरी म्हातारी झाली की पेटी भटभटायला लागते, मग निरोप येतो आणि मी जातो, ती माझ्याशिवाय दुसऱ्याला उघडू देत नाय तो. त्याची बायको मासे तळते, आम्ही दुपारभर पेटी खोलून बसतो. त्या खर्जाबद्दल तो आजपर्यंत एक शब्द बोललेला नाय आणि मी विचारलेला नाय. त्याला खरा काय ते तेव्हाच कळला होता की नाय, कोण सांगणार. मी जवळ बसून त्याच्या तोंडाकडं बघतो, पण त्यातून काय कळत नाय. असू दे. त्याचा घर चालला हाय, पोर धावतेय, माझ्याही गाळ्यात दोन माणसा रोज येतात. देवानं त्याला असाच वाजवता ठेवावा, आणि मला ती पेटी उघडायला हातात बळ ठेवावा. आणखी काय पायजे माणसाला.