निरुपमाबाईंचं ‘ड्रॅब’ आणि माझं स्थळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय जगदेवराव, आदरणीय मुख्याध्यापिका, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती निरुपमाबाई आणि बाहेरून शेवउसळीचा वास येत असूनही जागा न सोडणारे श्रोतेहो,

मी चारुलता. आधी बाईंची विद्यार्थिनी, मग याच शाळेत त्यांची सहकारी. बाई या निरोपसमारंभाला तयारच नव्हत्या. म्हणाल्या, “सत्कार कसला करता? माझी सगळी नोकरी ड्रॅब गेली.” इंग्रजीच्या बाईंनी वापरलेलं विशेषण खोडायचं धाडस कोण करणार? आज मी करणार आहे.

ड्रॅब म्हणजे मुळात न रंगवलेल्या कापडाचा मळकट रंग. पुढे हा शब्द भिंतीला, खोलीला, नीरस दिवसालाही लागला. हे आम्हाला बाईंनीच शिकवलं. पण त्यांच्या वर्गात नुसता अर्थ सांगून सुटका नसे. विशेषण वापरलं की लगेच विचारणा, “पुरावा?”

मी इथे नव्याने लागले तेव्हा कोयलीच्या रिफायनरीतलं एक स्थळ सांगून आलं. नाव हेरंब. मंडळी पोहे खाऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, “नकार कळवतेय. मुलगा ड्रॅब आहे.”

“पुरावा?”

“राखाडी शर्ट. आणि तासाभरात एक वाक्य.”

“शर्ट ड्रॅब, मान्य. माणसाचं काय?”

बाईंनी परस्पर माझ्या आईलाच गाठलं आणि नकाराआधी मुलाला पुन्हा एकदा भेटायचं पटवलं. पुढच्या रविवारी आई, मी आणि हेरंब छोट्या रेल्वेगाडीने डभोईला, हेरंबच्या आत्याकडे निघालो. अर्ध्या वाटेपर्यंत हे खिडकीबाहेरच बघत होते. मग गाडी मध्येच अडली, आणि हे खुलले. आधी गार्डाची नक्कल, मग रिफायनरीतल्या साहेबांची, शेवटी पोहे खाता खाता पगार विचारणाऱ्या माझ्या वडिलांची. आईला हसून ठसका लागला. समोरच्या बाकावरच्या गुजराती बेन मला म्हणाल्या, “आ भाई तो बहु मजाना छे. तमारा शुं थाय?”

मी म्हटलं, माझे कोण लागतात ते अजून ठरायचंय. डभोई येईपर्यंत ठरलं.

आज माझ्या घरात रोज कोणीतरी पोट धरून हसतं, ते बाईंमुळे. बाई, ते विशेषण मागे घ्या. तुमच्याशिवाय ही शाळा आम्हाला फार सुनी वाटणार आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि हो, तिसऱ्या रांगेत हे बसले आहेत. बाईंचे आभार स्वतः मानायचे म्हणून घरी तालीमही झाली होती. पण एवढी माणसं पाहून यांच्या तोंडून शब्द फुटत नाहीये. तेव्हा त्यांच्या वाटचा नमस्कारही मीच करते.