मुठीतलं पाणी

नवजात बाळांच्या कक्षाबाहेर आठ खुर्च्या होत्या, त्यांतली एक मोडकी. माणसं सहा, थर्मास दोन. बहिणीच्या बाळासाठी आलेल्या विद्यार्थिनीने एवढं मोजून पुस्तक उघडलं. पण शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं कानावर आलं आणि पान काही उलटेना.

"अगं, नऊ दिवस पोटात ठेवलंय. रागावू नकोस."

"बोला ना, आई."

"तू ऑपरेशनच्या गुंगीत होतीस. पोरीचा श्वास अडकला. फादरना यायला तास लागणार होता. मग मीच बाप्तिस्मा दिला."

"तुम्ही?"

"जीव धोक्यात असला की कुणीही देऊ शकतं. सिस्टरने सिरिंजमध्ये पाणी दिलं. कपाळावर तीनदा सोडलं."

"गार होतं?"

"छे गं! मुठीत धरून आधी कोमट केलं."

"मग बरं. घरी गेलो की चर्चमध्ये थाटात करू."

"तेच तर! बाप्तिस्मा एकदाच होतो. आता चर्चमध्ये नुसती प्रार्थना, पवित्र तेल लावणं आणि नोंद. नावसुद्धा देऊन बसले मी."

"तुमचंच ना? तसंच ठरलं होतं आपलं."

"तुझ्या आईचं दिलं."

सून वळून सासूकडे बघू लागली.

"म्हटलं, पोर तिकडे देवाघरी गेलीच, तर तिथल्या आजीला नावावरून ओळखू यावी. माझं काय, मी आहेच इथे हाका मारायला."

"आई, रुमाल द्या."

"एकच आहे. अर्धा तुझा."

दार उघडून सिस्टरने त्या दोघींना पोरीचं आजचं वजन सांगितलं: एक हजार चारशे वीस ग्रॅम. कालपेक्षा पंधरा जास्त.