अंजनाच्या लग्नाची घोंगडी

निजामाच्या अमलात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. पौषातल्या एका सकाळी तिथल्या हकिमाच्या ओसरीवर मी माझी पाळी यायची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक धनगर जोडपं बसलं होतं. नवरा खोकून खोकून वाकला होता. बाईच्या मांडीवर कोऱ्या घोंगडीची घडी होती.

“लई कुडकुडायलात. ही घ्या अंगावर.”

“न्हाई. ती अंजनाच्या लग्नाची हाय.”

“लग्न फागुनात हाय. तुमाला थंडी आज वाजायली.”

“एकदा पांघरली की जुनी झाली, साखरा. जावयाला काय वापरल्या घोंगडीवर बसवायचं? अन् घरून आणलीस तरी कशाला?”

“वाटंत तरी ऐकाल म्हणून आणली.”

“सोयरे नावं ठेवतील. म्हणतील, बंकटनं पोरगी कशीबशी उजवली.”

“दुसरी विणीन की. कातरणीला लोकर निघंल.”

“कातरणी उन्हाळ्यात. लग्न त्याच्या आदी.”

“मंग लग्न उन्हाळ्यात नेऊ.”

“जावयाकडचे ऐकतील व्हय?”

“पोरीचा बाप दुखण्यातून उठू द्या म्हणलं तर ऐकतील.”

त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत बाई त्याची पाठ चोळत राहिली.

“साखरा, मी उन्हाळ्यापातुर…”

“म्हणूनच घ्या म्हणते.”

त्यानं घोंगडीच्या काठावरून हात फिरवला.

“बरं, दे. पण काठ आत दुमड. मळायला नको.”