एक काळी गोटी

(पिट्सबर्गजवळची पोलाद कारखान्याची वस्ती, १८८८. भट्टीवाल्यांच्या युनियनचा अध्यक्ष इद्वल बेव्हन सभेच्या मधल्या सुट्टीत घरी आला आहे. समोर बायको, मार्गेड.)

इद्वल : बासष्ट पांढऱ्या आणि एक काळी! एकच!

मार्गेड : आधी सूप घ्या.

इद्वल : सूप कसलं घेऊन बसलीस! नकाराच्या एका काळ्या गोटीनं अख्खा ठराव पडतो आमच्यात. चाळीस स्लोव्हाक हमाल टोप्या हातात धरून दाराबाहेर उभे आहेत. त्यांना युनियनमध्ये घेतलं नाही, तर सोमवारी मालक आम्हाला बाहेर काढून त्यांनाच भट्ट्यांवर उभं करेल. कोणाच्या पोटात दुखलं, तेवढं कळू दे मला!

मार्गेड : पहिली गोटी कोणी टाकली?

इद्वल : मी. अध्यक्षच टाकतो. का?

मार्गेड : उजेड होता तिथं?

इद्वल : पडदे ओढलेले असतात, कोणाचं मत कोणाला दिसू नये म्हणून. तुला म्हणायचंय काय?

मार्गेड : रविवारी चर्चला निघताना कोट म्हणून माझी शाल खांद्यावर टाकलीत.

इद्वल : घाईत होतो.

मार्गेड : काल ओवेनच्या बायकोला "काय रे ओवेन" म्हणालात. तिला मिशा नाहीत हो.

इद्वल : मार्गेड...

मार्गेड : वीस वर्षं त्या आगीत डोळे घातलेत. मला कधीचं कळलंय. खरं सांगा, गोटी नीट दिसली होती?

इद्वल : मला वाटलं, पांढरीच आहे.

मार्गेड : कोणाला कळायचं नाही. गोटीवर नाव नसतं.

इद्वल : तीन महिने घसा फोडला त्यांच्यासाठी, आणि मीच पाडलं! माझं मत चुकलं, असं उभं राहून सांगितलं, तर पुन्हा मतदान घेता येतं.

मार्गेड : आणि भट्टी जाईल! लोखंड शिजलं की नाही, ते रंगावरून ओळखायचं असतं. दिसत नाही म्हणणाऱ्याला भट्टी कोण देईल?

इद्वल : देऊच नये कोणी. शेजारचा भाजून मरेल.

मार्गेड : खायचं काय मग?

इद्वल : ते ठाऊक नाही. तू म्हणालीस, तर गप्प बसतो.

मार्गेड : गप्प बसणाऱ्याशी लग्न नव्हतं केलं मी. उठा.

इद्वल : हसतील गं सगळे.

मार्गेड : हसू देत. हात द्या इकडे.

इद्वल : बायकांना सभेत येता येत नाही.

मार्गेड : दारापर्यंत येते. त्या स्लोव्हाकांजवळ उभी राहते.

इद्वल : रस्त्यात तरी हात सोड. लोक बघतील.

मार्गेड : बघू देत की. अध्यक्षाची बायको आहे मी.