मोसंबीच्या पुस्तकातला ट्रक

…आन् वरून सरकारची अट काय, तर ट्रेनिंगला या, जाण्यायेण्याचा खर्चा आमचा, राहणं आमचं, दोन टायमाचं जेवण आमचं, पर तुमच्या माघारी वाचनालय एक दिवस जरी बंद दिसलं तर नाव कट. आता तुम्हीच सांगा, ज्या वाचनालयात ग्रंथपाल रूपाली, कारकून रूपाली, झाडू मारणारी रूपाली आन् कुलूप उघडणारी बी रूपालीच, तिथली रूपाली दहा दिवस पुण्याला गेल्यावर कुलूप उघडायचं कुणी? कुलपानं स्वतः? बरं, नऊ वर्षं झाली तिला तिथं. नऊ वर्षांत ग्रंथपालांसाठी म्हणून जे जे काय निघालं, ट्रेनिंग म्हणा, निधी म्हणा, ते सगळं आमच्या वाडीला तारीख गेल्यावर पोचलं. एकदा तर लिफाफा फोडला आन् आत पत्र, ‘मुदत संपल्याबाबत’. कशाची मुदत, ते पत्र आजपर्यंत आलेलं न्हाई.

तुम्हाला सांगतो, आमची वाडी टेंभुर्णीच्या अल्याड सहा किलोमीटर, आन् सरकारदरबारी वाचनालयाला शाळेतल्या पोरांसारखे वर्ग असतात, अ, ब, क, ड. आमचं ड. ड च्या खाली मंग जमीनच. ट्रेनिंग झालेला ग्रंथपाल पाहिजे, वाचक पाहिजेत, मंग तपासणीला साहेब येणार, त्याला पटलं तर क मिळणार, अनुदान वाढणार, नवी पुस्तकं येणार. आन् न्हाई मिळालं तर? तर आमच्या कमिटीचा अध्यक्ष कारभारी, त्यानं मीटिंगीत सरळ सांगितल्तं, “यंदा क झालं न्हाई तर खोली दुधाच्या डेअरीला देऊन टाकू. दूध तरी रोज येतंय. वाचक येत न्हाईत.” रूपाली उठली. घरी गेली आन् ट्रेनिंगचा अर्ज भरला.

नाव लागलं. पर बसायला माणूस? नवरा नागसेन जालन्याला स्टीलच्या कंपनीत शिफ्टला. कमिटीच्या सातही जणांना विचारलं. एकाची तोडणी, एकाचं गुडघं, एक म्हणला, “मला पुस्तकाची धूळ सोसत न्हाई,” आन् तो माणूस मळणीच्या थ्रेशरवर काम करतो. शेवटी सैपाकघरातून सासू बोलली, चांगुणाबाई. “मी बसते की. बसायलाच लागतंय ना?”

रूपालीनं आदेश तीनदा वाचला. प्रभारी सज्ञान असावा. गावचा रहिवासी असावा. वाचता यावं असं कुठंच न्हाई. ते लिहायची पाळी येईल असं कुणाला वाटलं असंल? कारण बाईला एक अक्षर वाचता येत न्हाई, बरं का.

आता चांगुणाबाई म्हणजे कोण, ते बी सांगतो. चाळीस वर्षं सुईणपण केलं. अर्धी वाडी तिच्या हातावर जन्मली, कोण उलटा आला, कोण रडलाच न्हाई, कुणाला पाठीत दोन चापट्या घालाव्या लागल्या, सगळं तिच्या ध्यानात. अशा बाईसमोर माणूस खोटं बोलायला लागला का त्याची पाठ आपोआप दुखायला लागती.

रूपालीनं जाताना कारभारीच्या हातापाया पडून सांगितल्तं, रोज एक तरी पुस्तक न्या, रजिस्टरला नोंद दिसू द्या. तो आला, वरच्या फळीवरचं हाताला येईल ते उचललं, घरी टीव्हीवर ठेवलं, दुसऱ्या दिवशी आणून दिलं. म्हातारी म्हणली, “काय हाय यात?”

“काय असतंय? पुस्तक हाय.”

“पुस्तक हाय ते मला बी दिसतं. आत काय हाय? मला वाचता येत न्हाई, कारभारी, तू वाचलंस ना, मंग सांग. सांगितल्याबिगर मी जमा करत नसते.”

आता कारभारीनं पुस्तकाचं नावसुद्धा बघितलेलं न्हाई. समोर म्हातारी, पाठीत कळ. तो म्हणला, “ते… शहागडच्या पुलावर एक ट्रक थांबतो. रस्ता मोकळा, खाली गोदावरी. ड्रायव्हर उतरतो, लघवीला जातो, आन् परत येऊन ट्रकात बसतो तो… दुसराच माणूस असतो.”

म्हातारीचं सुपारी कातरणं थांबलं. “मंग?”

“मंग… तेवढंच वाचलं.”

“अर्धं वाचून आणलंस? लाज वाटती का?” म्हातारीनं पुस्तक घेतलं, आन् दारात पेपर वाचत कडूबा बसल्ता त्याच्या हातात दिलं. “हे घे. पुढं काय झालं ते उद्या सांग.”

कडूबानं घरी जाऊन पुस्तक उघडलं. नाव, ‘मोसंबीवरील डिंक्या रोग व त्याचे व्यवस्थापन’. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं. ट्रक न्हाई. परत चाळलं. पूल न्हाई. त्यानं बायकोला दाखवलं, बायको म्हणली, “ह्यात तर झाडाचं खोड हाय.” आता हा काय म्हणणार? कारभारी अध्यक्ष हाय, त्याला दिसलं आन् आपल्याला दिसंना म्हणजे आपलंच वाचन कच्चं, असं धरून कडूबा दिवसभर वाचत बसला. इकडं दुसऱ्या दिवशी पुण्याहून दुपारच्या चहाला रूपालीचा फोन.

“आत्याबाई, उघडलं का?”

“उघडलं.”

“कुणी आलंय का?”

“कडूबा आल्ता. हाय अजून.”

“काय करून राह्यला?”

“रडून राह्यला.”

“अगं बाई. का?”

“गोष्ट इसरला.”

रूपालीला वाटलं रेंज खराब हाय. इकडं कडूबानं डोळे पुसले आन् बोलला का त्या ट्रकात एक कुलूपबंद पेटी होती आन् पेटीतून बाईच्या गाण्याचा आवाज येत होता. म्हातारी म्हणली, “आता कसं. कालच्या कारभारीपेक्षा तू चांगला वाचतोस.” कडूबाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी असं म्हणलं.

तिथून जे सुरू झालं ना, तुम्हाला सांगतो, ते मी डोळ्यानं बघितलं म्हणून, न्हाईतर मी सुद्धा विश्वास ठेवला नसता. तिसरी झुंबरबाई. चौथा तिचा जावई. प्रत्येकजण पुस्तक घरी नेणार, आत मोसंबी बघून घाबरणार, आन् दुसऱ्या दिवशी पुढचा भाग सांगणार. एकानं बी म्हणलं न्हाई का बाई, ह्यात तर मोसंबी हाय. म्हणणार कसं? आधीच्या सगळ्यांना ट्रक दिसल्ता. सातवा भाग, ज्यात पेटीतली बाई चिठ्ठी टाकती आन् चिठ्ठीवर ड्रायव्हरच्या आईचं नाव असतं, तो कुणी सांगितला हे मी इथं सांगणार न्हाई. पर चांगला होता.

आन् ज्यांना हे जमत नव्हतं, त्यांनी काय केलं असंल? त्यांनी दुसरी पुस्तकं नेली आन् खरंच वाचली. भीतीनं. सांगता आलं पाहिजे ना. पारावर बसून माणसं पाठांतर करायला लागली. आमचा एक दोस्त तर बसस्टॉपवर पुस्तक घेऊन म्हशीला गोष्ट सांगून बघत होता, बराबर येती का. म्हातारी एकेकाला समोर बसवणार, ऐकणार, चुकलं का लगेच, “न्हाई, कालच्यानं सांगितलं ती बाई हिरीत पडती पर मरत न्हाई. नीट वाच.” आन् बाईला एक अक्षर वाचता येत न्हाई, बरं का.

अजून एक. ट्रक शोधता शोधता कडूबाला अख्खा डिंक्या रोग पाठ झाला. पान बावीसवर लेप कसा करायचा ते दिलंय, चुना आन् मोरचूद. त्यानं बागेत सगळ्या खोडांना तो लेप लावला. मंग झुंबरबाईच्या जावयानं लावला. दहा दिवसांत आमच्या शिवारात बघावं तिकडं झाडं निळीच्या निळी, जशी शाळेचा गणवेश घालून उभी राह्यलीत. कृषी सहायक येऊन बघून गेला. त्यानं विचारलं, “हे तुम्हाला कुणी शिकवलं?” कडूबा म्हणला, “ट्रकवाल्यानं.”

आली रूपाली परत. दोनशे पानी वही भरून आणलेली, ‘वाचकवाढीचे बारा उपाय’. पिशवी घरी ठेवायच्या आधी वाचनालयात गेली, आन् दारातच उभी राह्यली. आत बसायला जागा न्हाई. तिचं म्हणणं, आधी वाटलं कुणीतरी गेलं. मंग तिनं रजिस्टर उघडलं. ‘पुस्तकाचे नाव’ ह्या रकान्यात म्हातारीनं चित्रं काढून ठेवलेली. हिरीजवळ बाई. वाघ. घोडा, का गाढव असंल. आन् दहा दिवसांत दहा वेळा, ट्रक. चाकांसकट.

रूपालीनं कपाटातून एक निळं पुस्तक काढलं. “आत्याबाई, हे?”

“त्यात दोन भाऊ हायेत. धाकटा चांगला, पर शेवटी तोच दगा देतो.”

“आन् हे?”

“ते कायद्याचं. निम्मंच आलंय. शेजारच्या वंदनाच्या पोराला वाचता वाचता झोप लागली.”

एकशे ऐंशी पुस्तकं. रूपाली काढत गेली, म्हातारी सांगत गेली. एक चुकलं न्हाई. रूपाली हळूच खाली बसली. तिला ट्रेनिंगमधला उपाय सातवा आठवला, ‘वाचकाशी पुस्तकाबद्दल संवाद साधावा’. त्यावर पुण्यात दोन तास पडद्यावर चित्रं दाखवल्ती. तिनं वही पिशवीत खाली सरकवली. आन् बाईला एक अक्षर वाचता येत न्हाई, बरं का.

दुसऱ्या दिवशी तपासणी. राधेश्याम साहेब. कोरडा माणूस, चहा सुद्धा नको म्हणला. रजिस्टर उघडलं. घोडा बघितला. चष्मा काढून परत बघितला. “मॅडम, हे काय आहे?”

रूपालीच्या डोळ्यासमोर दुधाचे कॅन यायला लागले. ती म्हणली, “सर, सचित्र नोंद.”

“असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं?”

“तेरावा उपाय, सर.”

साहेब पुढं गेला. “हे सर्वात जास्त वाचलेलं पुस्तक कोणतं? हा ट्रक?” रूपालीनं काढून दिलं. साहेबानं नाव वाचलं, खिडकीतून बाहेर निळी झाडं बघितली, मान हलवली. “उत्तम. स्थानिक गरजेनुसार वाचन.” पेन काढलं. क लिहायला पेन टेकलंच होतं, तेवढ्यात मागून चांगुणाबाई म्हणली, “साहेब, ते नुसतं मोसंबीचं न्हाई बरं का.”

रूपालीनं डोळे मिटले. आन् म्हातारी सांगायला लागली. पूल, ट्रक, पेटी, गाणं, चिठ्ठी… खोलीतल्या माणसांनी दहादा ऐकलेलं, तरी एक हलंना. साहेबाचं पेन हवेत. दहावा भाग संपला, पेटीचं कुलूप उघडतं, झाकण वर होतं, आन् म्हातारी थांबली.

साहेब म्हणला, “मग? पेटीत काय होतं?”

“ते तुमी वाचून सांगा.” पुस्तक त्याच्या हातात, रजिस्टरला त्याची सही, आन् अर्धवट रिपोर्ट खूण म्हणून पुस्तकात घालून साहेब जीपमध्ये बसून गेला.

दुसऱ्या दिवशी फोन. “मॅडम, ह्यात फक्त मोसंबी आहे.”

रूपाली म्हणली, “सर, आधी सगळ्यांना तसंच वाटतं.”

गुरुवारी जीप आली. अख्खी वाडी गोळा. साहेब म्हातारीसमोर बसला, घसा साफ केला आन् म्हणला, “सदर पेटीत कागदपत्रं आढळून आली. ड्रायव्हरचा जबाब घेण्यात आला. त्याची बदली झाली. प्रकरण निकाली काढण्यात आलं.”

कारभारीनं तोंडावर रुमाल धरला. म्हातारीनं बराच वेळ साहेबाकडं बघितलं, जसं रडलं न्हाई त्या पोराकडं बघत असंल, आन् पुस्तक परत त्याच्या हातात दिलं. “परत वाचा.”

आतापर्यंत चारदा नेलं त्यानं. रिपोर्ट आतच हाय, पान बावीस आन् तेवीसच्या मधी. कारभारी आता डेअरीचं नाव काढत न्हाई, त्याला बी पेटीत काय होतं ते पाहिजे. पर ड चं क काय होईना, आन् नव्या पुस्तकांचा निधी तिथंच अडकला. परवा रूपाली सासूला म्हणली, “आत्याबाई, घ्या ना जमा करून एकदाचं. काय बी सांगू द्या त्याला.”

म्हातारी सुपारी कातरत म्हणली, “थांब जरा. साहेबाला वाचायची सवय न्हाई. शिकंल हळूहळू.”