दुसऱ्याचा कूलर

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात, कोराडीच्या बससाठी नीला रांगेत उभी होती. तिच्या पुढं एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको ट्रंक घेऊन उभे होते.

"कोराडीच्या वीजकेंद्राचे इंजिनिअरसाहेब पचमढीले चालले. महिनाभर त्यांचं घर आपण सांभाळायचं. कूलर आहे वं, जयवंता."

"मागं वकिलाचं घर सांभाळलं, त्याच्या आधी डॉक्टरचं. आपलं कधी होईन जी?"

"कोळशाच्या धुरानं अख्खी पृथ्वी तापून राहिली, पेपरात आलं. पुढं नागपुरात माणूस टिकणार नाही. घर बांधून काय करतं?"

"मग कूलर काहून पाहिजे? त्याची वीज बी कोळशाचीच."

"थो कूलर आपला नाही ना वं."

जयवंतानं पदराच्या गाठीतली किल्ली सोडली.

"हे कोणाच्या घराची?"

"माझ्या. जरीपटक्यात खोली भाड्यानं घेतली. दुसऱ्याच्या भांड्यात सैपाक करून थकली मी. आजपासून तिथंच राहीन."

"मले न विचारता?"

"तुम्ही पृथ्वीच्या चिंतेत होते. कसं विचारू?"

"तिथं कूलर आहे काय?"

"नाही. दारात कडुनिंब आहे."

कोराडीची बस येऊन थांबली.

"एवढा महिना काढतो वं. पाऊस लागला की येतो."

"या. गारवा झाल्यावर सारेच येतात."

जयवंता रांगेतून बाहेर पडली. मास्तर ट्रंक घेऊन एकटेच चढले आणि नीलाच्या शेजारी खिडकीपाशी टेकले. बस निघाली, तसे ते तिच्याकडे वळले.

"बाई, या बाजूनं ऊन येते. जागा बदलता काय?"